दोन्ही हातांचं माप

"सात?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सातच?"

"सातच," बाई म्हणाल्या.

"अहो, सात माणसांवरून तुम्ही माझ्यासमोर एकोणीसशे माणसं उभी करताय!"

"एकोणीसशे सव्वीस."

साहेबांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. अकरा पानांचा अहवाल, कोपऱ्यात टाचणी. बाई टाचणी नेहमी एकदाच आत घालत आणि एकदाच बाहेर काढत, कागदाच्या कडेशी समांतर. ऑफिसातले लोक त्यांना 'दशांशबाई' म्हणत, ते अशाच गोष्टींमुळे. चोवीस वर्षांत गुन्हे नोंद कार्यालयाच्या सांख्यिकी कक्षातून त्यांच्या हातचा एकही आकडा चुकीचा बाहेर पडला नव्हता. कक्ष म्हणजे तीन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि रंगाने कायमची चिकटलेली खिडकी. पण त्या खोलीतून निघालेली बेरीज पुन्हा तपासायची नाही, असा वरपर्यंत रिवाज होता.

अहवाल खाणवाल्यांचा होता. तीन पिढ्यांपूर्वी शहराबाहेरच्या दगडखाणीवर मुकादमी करणारे दोघे भाऊ, तिथून सुरुवात. आता गोदामं त्यांची, पाण्याचे टँकर त्यांचे आणि कोणाच्या दुकानाचं शटर किती वाजता खाली येणार, हेही तेच ठरवत. सरकारी भाषेत 'टोळी' लिहायचं नाही, 'घराणं' लिहायचं, असा नियम होता. या घराण्यात एकूण माणसं किती, हा आकडा कार्यालयाला दरवर्षी द्यावा लागे. दरवर्षी तो तीनशे ऐंशीच असे.

"बावीस वर्षं तीनशे ऐंशी," बाई म्हणाल्या. "साहेब, बावीस वर्षांत त्यांच्यात कोणी मेलं नाही, कोणी नवीन आलं नाही, कोणी आजारपणाची रजासुद्धा घेतली नाही."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी लगेच आवरलं. "मला पुन्हा एकदा सांगा. ते माशांचं."

बाईंनी पुन्हा सांगितलं. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकल्या होत्या. तळ्यात मासे किती हे मोजायचं, तर तळं उपसता येत नाही. मग एकदा जाळं टाकायचं, येतील त्या माशांच्या शेपटीला बारीक खाच पाडायची आणि सोडून द्यायचे. काही दिवसांनी दुसऱ्यांदा जाळं टाकायचं. दुसऱ्या खेपेला खाचवाले मासे पुष्कळ आले, तर तळ्यात मासे थोडे. खाचवाले जेमतेम आले, तर तळं भरलेलं.

"आपलं पहिलं जाळं म्हणजे त्यांच्या थोरल्या म्हाताऱ्याची अंत्ययात्रा. समोरच्या इमारतीतून काढलेले फोटो. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची उंची आपल्याला माहीत आहे, त्यावरून प्रत्येकाची उंची, बांधा, खांद्यांचा उतार काढला. दोनशे चौदा माणसं. दुसरं जाळं म्हणजे तपासवाल्यांनी आणून दिलेल्या चिठ्ठ्या, एकेका माणसाच्या अंगमापांच्या. त्रेसष्ट. दोन्हींत सापडलेले सात. दोनशे चौदा गुणिले त्रेसष्ट भागिले सात."

"आणि नावं?"

"नावांचा काही उपयोग नाही. निम्म्यांचं नाव बारक्या आणि उरलेल्यांचं भाई. मी अंगमापावरून जुळवले."

"मासे खोटं बोलत नाहीत हो, बाई. ह्या चिठ्ठ्या देणारा माणूस कोण?"

"मी विचारलं नाही. तो अंत्ययात्रेच्या यादीपासून स्वतंत्र आहे, एवढं मला पुरे. आणि सातवर शंका असेल तर परिशिष्ट तीन पाहा. जुळवणी कशी केली ते दिलंय, नमुन्याला एक चिठ्ठी जशीच्या तशी छापली आहे. कोणीही पडताळून पाहावं."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि सही केली. "माझी दोन वर्षं उरलीत. तेवढी सुखाने जाऊ द्या म्हणजे झालं."

नऊ प्रती होत्या. सव्वाअकराला बाईंनी त्या स्वतः नेऊन जावक खिडकीवर दिल्या. परत येताना त्यांना हलकं वाटत होतं. आकडा पूर्णांकात आला होता, दशांश चिन्हाची गरजही पडली नव्हती. एवढ्या सरळ आलेल्या उत्तरावर त्यांचा एरवी विश्वास बसत नसे, म्हणून हा भागाकार त्यांनी तीनदा केला होता.

एक वाजता डबे उघडले. समोरच्या टेबलावर टायपिस्ट बसे. नाकीडोळी नीटस, तोंडाने फटकळ, आणि टाइप केलेली प्रत्येक ओळ वाचणारी. साहेबांच्या मते हा तिचा दुर्गुण होता.

"बाई, एक विचारू? त्या माणसाला काही अपघात वगैरे झाला होता का?"

"कुठल्या माणसाला?"

"परिशिष्टातला हो. नमुन्याची चिठ्ठी. 'मान साडेसोळा, उजवा खांदा पाऊण इंच उतरता, डावा हात सव्वातेवीस, उजवा हात पावणेचोवीस.' दोन हात वेगवेगळे कशाला मोजले त्याचे?"

"मोजतातच की दोन्ही."

"कोण मोजतं? आमच्या ह्यांचे सगळे कपडे मी शिवून घेतलेत, लग्नातल्या कोटापासून. एकच हात मोजतात. दुसरा तेवढाच असणार, तो काय सावत्र आहे?" स्वतःच्याच बोलण्यावर ती खुदखुदली.

"छे. सगळे शिंपी दोन्ही..."

बाई थांबल्या.

शिंपी. हा शब्द या खोलीत आतापर्यंत कोणीच उच्चारला नव्हता. तीन आठवडे त्या चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर होत्या. मान, मग खांदे, मग डावा हात, मग उजवा. प्रत्येक चिठ्ठीत हाच क्रम. सगळी मापं पाव इंचापर्यंत. त्यांनी त्यातून सरासरी काढली, फरक काढले, तक्ते केले. पण हे असं कोण मोजतं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. लहानपणापासून रोज पाहिलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न पडत नाही.

त्यांचे वडील शिंपी होते. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, की ते आधी मान मोजायचे, मग खांदे, मग दोन्ही हात. कोणी हसलं तर म्हणायचे, "दोन हात एका दिवशी घडवलेले नसतात, राव. अर्ध्या इंचाची लबाडी असतेच." चिमुरडी मुलगी पाटीवर ते आकडे लिहून घ्यायची. वजाबाकी ती तिथेच शिकली.

"बाई? डबा तसाच राहिला तुमचा."

बाईंनी झाकण लावलं. डोक्यात आपोआप हिशोब सुरू झाला होता. शहरात शिंपी किती? चारशे धरू. त्यांतले दोन्ही हात मोजणारे किती? त्यांना माहीत असलेले दोन. त्यांतला एक अकरा वर्षांपूर्वी वारला होता.

दुसरा त्यांचा दादा होता.

परिशिष्ट तीन, पान नऊ. 'कोणीही पडताळून पाहावं.' ज्या त्रेसष्ट माणसांची ती मापं होती, ती सगळी दादाच्या आरशासमोर हात पसरून उभी राहिली होती. त्यांतल्या एकाने जरी ते पान वाचलं, तरी त्याला कुठलंही गणित करावं लागणार नव्हतं.

जावक खिडकीपर्यंत जायला चाळीस पावलं होती. खिडकीमागचा कारकून शिक्का मारत होता.

"माझ्या नऊ प्रती परत हव्या आहेत."

"आठ आहेत. नववी गेली."

"डाक दोनला निघते ना?"

"सुरक्षा समितीच्या सभापतींची प्रत कुठे डाकेने जाते? त्यांचा माणूस येतो. बारालाच घेऊन गेला. तो अंगठ्यांवाला."

सभापतींची गाडी अंत्ययात्रेच्या फोटोंत होती. बाईंनी ती पाहिली होती. पण मोजायची होती चालणारी माणसं, गाडीतली नाही, म्हणून यादीत घेतली नव्हती.

"का, काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"हिशोब चुकलाय."

त्याने शिक्का हातातच धरला. "कोणाचा? तुमचा?" मग मान मागे वळवून तो मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत का रे? दशांशबाईंचं चुकलं! आज कॅलेंडरवर खूण करा!"

आतून हशा पिकला. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, 'आकडेमोडीत चूक आढळल्याने परत घेतले', आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. आधी खात्री, मग कृती, असा आयुष्यभराचा शिरस्ता त्यांनी आज मोडला होता. दादाला एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. विचारायला वेळच नव्हता.

सभापतींचं कार्यालय दोन चौक पुढे होतं. भर दुपारचा रस्ता, माणसांची ये-जा. शहरात नऊ लाख माणसं. भागिले एकोणीसशे सव्वीस. दर चारशे सदुसष्ट माणसांमागे एक. काल हा भागाकार कागदावर मजेशीर वाटला होता. आज समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यांकडे नजर जात होती. फळांच्या गाडीपाशी उभा असलेला, उजवा खांदा उतरता. बँकेच्या दारातला, मान जाड. दुसऱ्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा कोणीतरी अगदी मागे येऊन उभं राहिलं. हिरवा दिवा लागला तसा तो माणूस शिट्टी वाजवत पुढे निघून गेला.

सभापतींचा सचिव अदबीने बोलणारा होता. "बसा ना, मॅडम. पाणी?"

"नको. सकाळी आमचा अहवाल आलाय, त्यात आकड्यांची चूक झालीय. दुरुस्त प्रत उद्या पाठवते. ती द्या."

"खाणवाल्यांचा का? साहेबांनी पाहिला की."

बाईंनी बाकाची कड धरली. "सगळा?"

"छे हो. पहिलं पान. 'एकोणीसशे?' म्हणाले, आणि हसले. मग जेवायला गेले. इथेच आहे बघा." त्याने ट्रेमधला अहवाल काढून दिला.

बाईंनी पानं मोजली. अकरा. नऊ नंबरचं पान जागेवर होतं. कुठे खूण नव्हती, घडी नव्हती. मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. टाचणी तिरकी होती. तिच्या शेजारी दोन भोकं रिकामी होती. सरळ रेषेत, कागदाच्या कडेशी समांतर. त्यांची स्वतःची.

"ही टाचणी कोणी काढली?"

"मीच. टोक वर आलं होतं, साहेबांना टोचलं असतं."

त्याच्या आवाजात काहीच वेगळं नव्हतं. त्याच्या पाठीमागे झेरॉक्सचं मशीन होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मशीनपाशी खुर्चीवर अंगठ्यांवाला बसला होता आणि काडीने दात कोरत होता. त्याने बाईंकडे पाहून मान डोलावली, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने डोलवावी तशी.

टाचणीचं टोक वर आलेलं असणं शक्य नव्हतं. चोवीस वर्षांत कधी आलं नव्हतं. पण हे त्या कोणाला सांगणार होत्या?

परतल्यावर त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, माझं चुकलं. सातजण नक्की तेच आहेत असं म्हणता येत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हतो? अहो, सातांवर कुठे शहर उभं राहतं! मग असं करा, परिशिष्ट काढून टाका आणि आकडा..."

"आकडाही काढायचा."

तोच तर काढायचा होता. एकोणीसशे सव्वीस हा आकडा दुसऱ्या यादीशिवाय येतच नव्हता. आकडा ठेवला की यादी आहे हे कळणार. यादी आहे म्हणजे ती देणारा आहे.

"आणि चिठ्ठ्यांचा उल्लेखही नको," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पुन्हा आपले तीनशे ऐंशीच?"

"तीनशे ऐंशी."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. काही विचारावं असं त्यांना वाटलं असावं, पण दोन वर्षं आठवली असावीत. "होतं असं माणसाच्या हातून," ते म्हणाले. "वय झालं आपलं."

नऊच्या नऊ प्रती बाईंनी कातरयंत्रात घातल्या. एकेक पान घातलं. चिठ्ठ्या दादाच्या हे माहीत असणारे किती, ते मोजून पाहिलं. दादा. चिठ्ठ्या आणणारा तपासवाला. त्या स्वतः. तीन. नाहीतर चार. नाहीतर एकोणीसशे एकोणतीस.

दादाचं दुकान जुन्या थेटरामागच्या गल्लीत होतं. साडेपाचला बाई तिथे पोचल्या, तेव्हा आरशासमोर एक धिप्पाड माणूस अर्धवट शिवलेला कोट घालून उभा होता. दादा त्याच्या पाठीवर खडूने खुणा करत होता. वहिनी मागच्या बाजूला इस्त्री करत होती. तिने नुसतीच हसून मान हलवली.

"चिमणे! आज इकडे कुठे?" दादाने तोंडातल्या टाचण्या काढल्या. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात तो एकच माणूस होता.

"सहज."

धिप्पाड माणसाने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "बहीण का, मास्तर?"

"धाकटी."

"ताई, तुमच्या भावासारखा शिंपी नाही बघा. बाकीचे एका हातावर काम भागवतात. हा दोन्ही मोजतो. आमच्याकडचे सगळे इथंच येतात. कुठं नोकरीला?"

"सरकारी," दादा घाईने म्हणाला. "मोजणीचं काम."

"जमिनीची मोजणी?"

"माणसांची," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून निसटलाच.

इस्त्रीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. दादा म्हणाला, "जनगणना, जनगणना."

"मग आम्हाला पण मोजा की, ताई! आमचं घर मोठंय." तो हसला तसा कोट खांद्यावर ताणला. उजवा खांदा पाऊण इंच उतरता. बाईंना तो आकडा पाठ होता. मान साडेसोळा. पान नऊवरचा नमुना त्यांच्यासमोर जिवंत उभा होता.

"किती जण आहात?" त्यांनी विचारलं. चोवीस वर्षांची सवय.

त्या माणसाने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "खरं सांगू? कोणालाच ठाऊक नाही. आमच्या आत्ताच्या थोरल्यालापण नाही." मग कोट उतरवून त्याने दादाच्या हातात दिला. "शुक्रवारी येतो, मास्तर."

तो कोपऱ्यावरून वळला. वहिनी कपड्यांचा गठ्ठा घेऊन वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्रेसष्ट चिठ्ठ्या आहेत, दादा. मान, खांदे, डावा हात, उजवा हात."

दादाने कोट हँगरला लावला. बटणं लावली.

"तुझ्याकडे आल्या होय?"

"का केलंस हे?"

त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे घड्याळ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. शटर खाली, कुलपावर धूळ. "घड्याळवाला गावी गेला म्हणून सांगत होतो ना तुला? गेल्या हिवाळ्यात. वर्गणी देणार नाही म्हणाला होता त्यांना. तो गेला त्याच्यानंतर वीसेक दिवसांनी एकजण कोट घेऊन आला. राखाडी. म्हणाला, मास्तर, ह्याची एक बाही लांब होतेय, दोन्ही सारख्या करून दे." दादा थांबला. "मी शिवलेला कोट तो. घड्याळवाल्याचा उजवा हात अर्धा इंच लांब होता. दुसरं कोणाला कळलं नसतं."

"केल्यास?"

"केल्या. समोर उभा होता तो, काय करणार होतो? अर्धा इंच कापड कापलं, दुमडलं, टीप मारली. चांगलं झालं म्हणाला." त्याने गळ्यातली टेप काढली आणि बोटाभोवती गुंडाळली. "मग दुसऱ्या दिवसापासून तपासवाल्यांना मापं द्यायला लागलो. माझ्याकडे दुसरं होतं काय द्यायला? बाबांचा क्रम होता, तोच लिहिला. वेगळा सुचलाच नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. परिशिष्ट, नऊ प्रती, टाचणी. आपली चूक कुठे झाली तेही सांगितलं, जराही न लपवता. दादा ऐकत होता. टेप आता इतकी घट्ट झाली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं.

"म्हणजे वाचलं असेल, नसेलही," तो म्हणाला.

"हो."

"किती शक्यता? तुझं शिक्षण आहे ना त्यात."

"नाही सांगता येत, दादा. एकाच टाचणीवरून नाही सांगता येत." त्यांनी त्याच्या बोटाची टेप सोडवली. "तू जा इथून. वहिनीला घेऊन. उद्याच."

"आणि उद्या हे शटर खाली दिसलं, की? तुझ्या कागदावरून त्यांना कळलं नसेल, ते शटरावरून कळेल."

ते बरोबर होतं. बाईंना त्यात चूक काढता आली नाही.

"मग निदान दोन्ही हात मोजू नकोस. नव्या गिऱ्हाइकांचे तरी. कोणाला आठवायला नको, कोणाला दाखवायला नको."

"एकच हात मोजू?" दादा पहिल्यांदा चिडला. "आणि दुसऱ्याचं काय करू?"

"अंदाज कर."

"अंदाज!" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "बाबांची चिमणी मला अंदाज करायला सांगते."

नवा अहवाल मंजूर झाला. सभापतींनी सभेत सांगितलं, की घराणं बावीस वर्षांत वाढलेलं नाही, तेव्हा तपासवाल्यांनी मागितलेली जादा माणसं देण्याचं कारण दिसत नाही. साहेबांनी हे बाईंना आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. जावक खिडकीवरचा कारकून आता त्यांची प्रत्येक बेरीज त्यांच्यादेखत पुन्हा करून पाहायचा. गमतीने सुरू झालं होतं, पुढे सवयीचं झालं. बाई तोवर खिडकीशी उभ्या राहत.

रोज साडेपाचला त्या जुन्या थेटरामागून घरी जायच्या. लांब पडे, पण जायच्या. कोपऱ्यावरून शटर वर दिसलं की पुढचा श्वास घ्यायच्या.

दीड महिन्याने, एका रविवारी सकाळी, त्या दुकानात बसल्या होत्या. वहिनी काजं करत होती. एक गिऱ्हाईक आलं. नवीन, तिशीचं, नीट भांग पाडलेलं. कोट शिवायचा म्हणाला. दादाने त्याला आरशासमोर उभं केलं. मान मोजली. खांदे मोजले. डावा हात मोजला आणि आकडा वहीत लिहिला. मग त्याची टेप सवयीने उजव्या खांद्याकडे गेली, अर्ध्यावर थांबली. त्याने ती गळ्यात टाकली.

"झालं."

पण त्या माणसाने उजवा हात आपणहून पुढे केला होता. "हा राहिला ना, मास्तर? मला तर सांगितलं होतं, तुम्ही दोन्ही मोजता म्हणून."

वहिनीने सुई थांबवली नाही. बाईंनी आरशात पाहिलं नाही, दादाकडेही पाहिलं नाही. समोरच्या बंद शटरावरच्या कुलपाकडे पाहत राहिल्या.

"पूर्वी मोजायचो," दादा म्हणाला. वही मिटून त्याने ती खणात ठेवली. "सारखेच असतात हो दोन्ही."

"असं?" तो माणूस म्हणाला.

त्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला, थोडा वेळ.